उणे चौदा

२०२२च्या सप्टेंबरात माझ्या लॅपटॉपवरचं वायफाय गेलं. गेलं म्हणजे मीच घालवलं.

हा लॅपटॉप माझ्या धाकट्या भावाने लावून दिलेला. २०१९चा ऑगस्ट, इंदूरचं घर, आई आजारी. मी कलकत्त्याहून आले होते, तो बंगळूरहून. माझं जुनं विंडोज दर तासाला रुसायचं. ते काढून त्याने डेबियन १० घातलं, तेव्हा ते नवंकोरं होतं, जुलैतच आलेलं. देताना म्हणाला, "ताई, यात काही बदलायला जाऊ नकोस. चालतंय तोवर चालू दे." मी तीन वर्षं काही बदललं नाही. पुढे २०२०च्या फेब्रुवारीपासून आमचं बोलणं बंद झालं, आणि मग न बदलण्याला आणखी एक कारण मिळालं. बिघडलं तर विचारणार कोणाला?

डेबियन १०ची नेहमीची देखभाल आता थांबली, असं कुठेतरी वाचलं आणि मी धीर करून ११वर जायचं ठरवलं. आदेश वाचला तोही अर्धाच. सूचनांमध्ये दोन पायऱ्या सांगितल्या होत्या. मी पहिली चढले, पडद्यावर लाल काही दिसेना म्हणून झालं असं समजले आणि मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. वायफायची खूण नाहीशी झाली होती. मंद नाही, खोडलेली नाही, जागेवरच नाही.

थोडं समजावून सांगायला हवं. यंत्राचं सामान आणि आपले प्रोग्रॅम यांच्या मधे जो बसलेला असतो तो कर्नल. (देवनागरीत हा कर्नल आणि फौजेतला कर्नल सारखेच दिसतात. अनुवादक म्हणून मला याचा त्रास व्हायला हवा, पण इथे होत नाही. हुकूम दोघेही सोडतात.) कर्नलला प्रत्येक चिपशी बोलता येत नाही. चिपची बोली जाणणारा दुभाष्या लागतो, तो ड्रायव्हर. बहुतेक दुभाषे कर्नलसोबतच येतात. माझ्या वायफाय चिपचा येत नाही. तिच्या कंपनीने ड्रायव्हर वेगळा दिला आहे आणि त्याची शेवटची आवृत्ती २०१५ सालची. त्यातला एक तुकडा आधीच यंत्रभाषेत करून बंद केलेला आहे. तो कोणाला वाचता येत नाही. त्याच्या फाइलीच्या नावाच्या शेवटी 'शिप्ड' असं लिहिलेलं असतं. त्याच्याभोवती थोडा उघडा, सी भाषेतला कोड आहे आणि तो तेवढा आपल्याला बदलता येतो. कर्नल बदलला की हा बाहेरचा कोड नव्याने बांधून घ्यावा लागतो. ते आपोआप व्हावं म्हणून डीकेएमएस नावाची सोय आहे, ती डेल कंपनीतल्या लोकांनी २००३मध्ये केली. माझ्याकडेही तिने प्रयत्न केला होता आणि हात टेकले होते. नव्या कर्नलची हेडर्स सापडत नाहीत, असा निरोप ठेवून ती गप्प बसली होती.

मशीन सुरू होताना एक यादी येते, तिच्यात जुना कर्नलही उभा असतो. ४.१९. तो निवडला आणि वायफाय लगेच हजर. तिथेच राहता आलं असतं. बरेच लोक राहतात. मी त्या रात्री तसंच काम केलं. पूजेआधी प्रकाशकाला एका बंगाली कादंबरीचं अर्धं भाषांतर द्यायचं होतं. पण झोपताना वाटलं, की बंद करताना आणि उघडताना दर वेळी त्या यादीत खाली जाऊन जुना कर्नल निवडायचा, हे किती दिवस? इंदूरचं घर मनात असंच निवडत आले होते मी.

ते सांगूनच टाकते. वडील बँकेत होते. पगाराच्या मानाने पुस्तकं फार घ्यायचे. दिवाणखान्यातल्या कपाटात मामा वरेरकरांनी मराठीत आणलेला शरच्चंद्र ओळीने होता. बंगाल नावाचा प्रांत आहे आणि तिथली माणसं इतकी रडतात, हे मला त्या कपाटातून कळलं. पुढे जादवपूरला तौलनिक साहित्यात एम.ए. करायला गेले ते त्या कपाटामुळेच. बुद्धदेव बसूंनी १९५६ साली सुरू केलेला तो विभाग. तिथे माझी मुलाखत झाली तेव्हा बंगाली का शिकायचंय याचं उत्तर मी वरेरकर असं दिलं होतं आणि समोरच्यांनी ते नाव लिहून घेतलं होतं. आई गेल्यावर घर विकायचं ठरलं. त्याला माझी हरकत नव्हती, सही मीच केली होती. पण घर रिकामं करायला भाऊ एकटा गेला आणि दोन दिवसांत करून आला. कपाट ओळखीच्या सुताराला, पुस्तकं रद्दीला. मला फोनवर कळलं, तेही मी विचारलं तेव्हा. "ताई, सगळी वाळवी लागलेली होती गं," तो म्हणाला. सगळी? मी फोन ठेवला, तो ठेवलेलाच राहिला.

तर हेडर्स. नव्या कर्नलमध्ये कुठली फंक्शनं आहेत, त्यांना काय द्यायचं आणि ती काय परत करतात, याच्या या याद्या. कर्नलचा शब्दकोशच म्हणा, फक्त अर्थ नसलेला, नुसतं व्याकरण. भावाने २०१९मध्ये जुन्या कर्नलची हेडर्स नेमका आकडा देऊन घातली होती. कर्नल पुढे गेला, हेडर्स मागे राहिली. मी नवीन मागवली. उत्तर आलं, की हेडर्सना कंपायलरचं एक पॅकेज लागतं, त्याला १० नंबरचा जीसीसी लागतो, त्याला सी लायब्ररीचं नवं विकासाचं पॅकेज लागतं आणि ते तर माझ्याकडच्या ८ नंबरच्या कंपायलरच्या सामानाला 'ब्रेक्स' करतं. खाली एक ओळ: तुम्ही मोडकी पॅकेजं धरून ठेवली आहेत.

मी चहा करून आले आणि पुन्हा वाचलं. तशीच होती.

डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजसोबत त्याच्या नात्यांची नोंद असते, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या रात्री भाषांतर बाजूला राहिलं आणि मी ती नाती वाचत बसले. अमुक माझ्यासाठी लागतंच, तमुक असलं तर बरं, अमक्याचा विचार करून बघा. एक मी दुसऱ्याची जागा घेतो म्हणतं, एक मी दुसऱ्याच्या नावाने ओ देतो म्हणतं. आणि न पटण्याच्याही दोन परी आहेत. 'कॉन्फ्लिक्ट्स' असेल तर दोघं एका यंत्रात राहूच शकत नाहीत. 'ब्रेक्स' त्याहून सौम्य. समोरचा घरात पडून राहिला तरी चालतो, पण मी इथे आहे तोवर त्याला कामाला लावता येणार नाही. तो थोडा नवा होऊन आला की भांडण आपोआप मिटतं, कारण ब्रेक्सच्या पुढे बहुतेक वेळा कंसात आवृत्ती दिलेली असते, अमुकच्या आधीचा असेल तरच. हे ज्याने ठरवलं त्याला एकत्र कुटुंबाचा अनुभव असावा.

माझं भांडण असं मिटलं: जुन्या कंपायलरचं सामान काढलं, मघाशी गाळलेली दुसरी पायरी चढले आणि मग हेडर्स आपली सगळी पिलावळ घेऊन शहाण्यासारखी आली. हे सगळं जुन्या कर्नलमध्ये बसून, त्याच्या वायफायवर. वाचताना दोन मिनिटं लागतात. मला दोन संध्याकाळी लागल्या.

आता डीकेएमएस बांधायला तरी लागला. आणि चुकांची नवी रांग लागली. या वेळी मात्र त्या ड्रायव्हरच्या आतल्या होत्या, ओळींच्या आकड्यांसकट.

त्या फाइली उघडल्या तेव्हा कळलं की भावाने डेबियनचं तयार पॅकेज घातलंच नव्हतं. कंपनीचा मूळ कोड उतरवून त्याने हाताने दुरुस्त केला होता. जिथे त्याने हात लावला तिथे टीप होती, रोमन अक्षरांत मराठी: "ताईच्या मशीनसाठी. ४.१५ नंतर इनिट_टायमर नाही." थोडं खाली: "हे घाणेरडं आहे, पण चालतं." अशा पाचेक टिपा. तो असाच बोलतो. अडीच वर्षांनी त्याचा आवाज ऐकला तो असा, दोन तिरप्या रेघा आणि चांदण्यांच्या मधे.

दुरुस्त्या का कराव्या लागतात? लिनक्स कर्नल बाहेरच्या जगाला शब्द देतो आणि तो पाळतो. चालू असलेला प्रोग्रॅम कर्नलच्या बदलामुळे मोडता कामा नये, याबद्दल लिनस टॉरवाल्ड्स फार कडक आहेत. आत मात्र असा कुठलाही शब्द दिलेला नाही. आतली फंक्शनं कधीही नाव बदलतात, आकार बदलतात, जातात. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी यावर एक टिपण लिहून कर्नलच्या दस्तऐवजांतच ठेवलं आहे आणि आतल्या गोष्टी स्थिर ठेवा ही मागणी वेडगळ आहे, हे त्याच्या नावातच सांगून टाकलं आहे. तुमचा ड्रायव्हर कर्नलच्या घरात ठेवा, म्हणजे भांडी हलवणारा तुमचंही हलवून देईल, असा त्यांचा सल्ला. माझा ड्रायव्हर बाहेरचा, भाड्याने राहणारा. सकाळी उठून बघतो तर मिसळणाचा डबा जागेवर नाही.

पहिली चूक: 'आयओरिमॅप_नोकॅश' नावाचं काही नाही. ते ५.६मध्ये काढून टाकलं. चिपची स्मृती कर्नलच्या पत्त्यांत आणून दे, आणि मधे साठवण ठेवू नकोस, असं ते सांगायचं. नुसतं 'आयओरिमॅप'ही बहुतेक यंत्रांवर तेच करायचं. एका अर्थाचे दोन शब्द, म्हणून एक गेला. हे मला पटलं. पण कंपायलरने त्याखाली मदतीदाखल विचारलं होतं: तुम्हाला 'आयओरिमॅप_कॅश' म्हणायचं होतं का?

मी खुर्चीत मागे टेकले. हा प्रश्न माझ्या ओळखीचा होता. दिसायला सर्वांत जवळचा शब्द सुचवायचा, आणि त्याचा अर्थ नेमका उलटा असायचा. बंगालीतून मराठीत येताना रोज हेच होतं. बंगाली 'आदर' म्हणजे लाड, कुरवाळणं. आई बाळाला आदर करते. घाईत मराठी आदर लिहिला तर आई बाळाला नमस्कार करायला लागते. आणि 'अभिमान'. आपल्याकडे तो छाती पुढे काढतो. बंगालीत तो खाली बघतो, जेवत नाही, बोलत नाही. परक्यावर अभिमान होत नाही. ज्याने न सांगता समजून घ्यायला हवं होतं आणि घेतलं नाही, त्याच्यावरच होतो. मराठीत त्याला एक शब्द नाही. रुसवा लहान पडतो, राग मोठा. ज्या कादंबरीवर काम चाललं होतं तिच्यात हा शब्द पानोपानी होता आणि मी प्रत्येक ठिकाणी वेगळं काहीतरी करून वेळ मारून नेत होते. भावाच्या बाबतीत मला काय झालंय हे कोणी मराठीत विचारलं असतं तर मी राग म्हटलं असतं. वरेरकरांनी त्याला काय केलं होतं ते बघायला हवं, असं सवयीने मनात आलं. मग आठवलं, बघायला ते नाहीतच.

'_नोकॅश' खोडलं. दुसरी चूक सोपी होती. प्रॉक नावाच्या विभागातल्या फाइलींना ५.६पासून वेगळा साचा लागतो, म्हणून नावं बदलली. तिसरी 'सेट_एफएस'ची. ५.१०मध्ये माझ्या यंत्रासारख्यांवरून ते गेलं होतं. मागे-पुढे बघितलं तर मुख्य फंक्शनची हाक मधेच होती आणि तिच्या वर-खाली सेट_एफएसच्या ओळी. एक काहीतरी बदलायची, एक परत ठेवायची. मला त्या आल्या-गेल्याच्या उपचारासारख्या वाटल्या. मी त्या काढल्या.

बांधकाम पार पडलं. एकही चूक नाही.

ती महालयाची पहाट होती. मी नव्या कर्नलमध्ये शिरले, मॉड्यूल चढवलं, आणि लॉगमध्ये ओळ उमटली, की या मॉड्यूलच्या परवान्यामुळे कर्नल 'टेंटेड' झाला आहे. बंद तुकडा असलेलं मॉड्यूल आत घेतलं की कर्नल स्वतःवर तशी खूण करतो, म्हणजे पुढे काही बिघडलं तर दुरुस्त करणाऱ्यांना कळावं, की आत न वाचता येणारं काही होतं. टेंटेडला मराठीत काय म्हणाल? मला पहिल्यांदा 'विटाळ' सुचला, लगेच 'बाटला'. दोन्ही शब्दांनी आपल्याकडे काय काय केलं आहे ते आठवून मी दोन्ही सोडले. एवढ्यात शेजारच्या घरात चार वाजता रेडिओ लागला, मग समोरच्या, मग गल्लीतल्या सगळ्याच. बीरेंद्रकृष्ण भद्रांचा आवाज या शहरात या पहाटे भिंतींमधून येतो. वायफायची खूण जागेवर परत आली होती. मी तिच्यावर टिचकी मारली. एकही नेटवर्क नाही. माझं नाही, शेजाऱ्यांचंही नाही. खूण होती आणि तिच्यामागे कोणी नव्हतं.

लॉगमध्ये शोधाची चूक पुन्हा पुन्हा येत होती, आणि आकडा उणे चौदा. शोधलं. उणे चौदा म्हणजे पत्ता चुकीचा.

हे असं वाईट भाषांतर मी केलेलं आहे. व्याकरण चोख, संपादकाच्या हातून सुटलेलं, आणि वाचणाऱ्यापर्यंत काहीच न पोहोचणारं. ते कुठलं ते सांगणार नाही.

सहा वाजेपर्यंत मी त्या ओळींशी डोकं घासलं. आठ वाजता भावाला फोन लावला. रविवार होता, तो झोपलेला असणार. दुसऱ्या घंटेला उचलला.

"काय झालं, ताई?"

आमच्याकडे इतक्या दिवसांनी फोन आला तर कोणीतरी गेलेलं असतं. त्याच्या आवाजात ते होतं.

"काही झालं नाही. सेट_एफएस काढलं की उणे चौदा येतंय."

तो गप्प. मागे कुकरची शिट्टी झाली.

"५.१० घातलंस?"

"हो."

"आणि त्या ओळी नुसत्या उडवल्यास."

"हो."

"अगं, नुसत्या कशा उडवशील?" आणि तो उठून बसल्याचं मला ऐकू आलं.

मग त्याने सांगितलं. बाहेरचा प्रोग्रॅम कर्नलकडे काही मागतो तेव्हा एक पत्ता देतो, आणि कर्नल आधी तपासतो की हा पत्ता बाहेरचाच आहे ना. आतला पत्ता बाहेरच्याच्या हाती लागता कामा नये. या ड्रायव्हरला आपलंच एक काम करून घ्यायचं असतं, पण वाट मात्र बाहेरच्यांसाठी केलेली वापरायची असते. म्हणून तो सेट_एफएस म्हणून थोडा वेळ बाहेरचा असल्याचं सोंग घ्यायचा, काम झालं की सोंग उतरवायचा. कोणी उतरवायला विसरलं की सगळं घर उघडं. म्हणून कर्नलवाल्यांनी सोंगच बंद केलं. मी सोंगाच्या ओळी काढल्या, पण वाट तीच ठेवली. त्यामुळे तो घरातलाच माणूस पुढच्या दाराशी उभा राहून आतला पत्ता सांगत होता आणि दार त्याला परत पाठवत होतं.

"मग?"

"मग मागच्या दाराने जायचं. सरळ आतलं फंक्शन बोलवायचं. वहीत लिहून घेतेस का? नको, फाइल उघड, मी सांगतो."

त्याने सांगितलं, मी टंकलं. एका ठिकाणी मी कंस विसरले तर त्याला ते इथून हजार मैलांवर कळलं, माझ्या गप्प बसण्यावरून. तासभर गेला. मधे त्याने विचारलं, की तिकडे एवढा आवाज कसला, तर मी महालया म्हणाले. त्याने इंदूरच्या घराबद्दल काही विचारलं नाही, मीही नाही. वरेरकरांचा विषय निघाला नाही. बांधकाम पुन्हा केलं, मॉड्यूल उतरवून चढवलं. गल्लीतल्या सगळ्या घरांची नेटवर्कं एकापाठोपाठ एक आली.

"आली," मी म्हटलं.

"हं." मग जरा थांबून तो म्हणाला, "ताई, याचं तयार पॅकेज असतं डेबियनमध्ये. नॉन-फ्री विभागात. ५.१०साठी हे सगळं केलेलं. एका ओळीचं काम आहे."

मला आधी हसू आलं, मग चिडायला झालं. "मग तू का नाही घातलंस तेच? तेव्हा नव्हतं?"

"तेव्हाही होतं." कुकर पुन्हा वाजला, त्याने कोणालातरी गॅस बंद करायला सांगितलं. "आई आत झोपलेली असायची. तू सारखी दवाखान्याचे कागद लावत बसायचीस. मला काहीतरी काम हवं होतं."

मी काही बोलले नाही. तोही नाही.

"काढू मग हे? पॅकेज घालू?"

"चालतंय ना?"

"चालतंय."

"मग असू दे."

फोन ठेवल्यावर मी फाइल पुन्हा उघडली आणि त्याच्या टिपेखाली माझी टीप लिहिली: "५.१० नंतर सेट_एफएस नाही. धाकट्याला विचारून." देवनागरीत लिहिली. टिपा कंपायलर वाचत नाही, त्यामुळे त्याने काही हरकत घेतली नाही.